ओ.टी.

सोहारच्या बंदरामागे, टाकी नंबर चौदाच्या सावलीत
माझं टेबल. मी टाइमकीपर.
कोण कधी आला, कधी गेला,
लोकांच्या आयुष्यातलं एवढंच माझ्याकडे येतं.
शेवटचा रकाना ओ.टी.चा. तो लाल पेनाने.
दिवसाची सव्वापट, रात्रीची दीडपट,
शुक्रवारची साहेबांच्या मूडप्रमाणे.
माणसं मला सलाम करतात असं वाटायचं,
ती रकान्याला करतात.

खोलीतला कुरियन रात्री वहीत काहीतरी उतरवत असतो.
नवा होतो तेव्हा डोकावलो: ओ.टी. ३९.
म्हटलं, एकोणचाळीस तास? कुठली कंपनी?
तो हसून खाटेवर आडवा झाला.
पुस्तकं आहेत रे, जुन्या करारातली!
मग सांगत बसला, पहिलं पान:
उजेड, पाणी, मासे, माणूस,
सगळं सहा दिवसांत उरकलं
आणि सातव्या दिवशी देव स्वस्थ बसला.
म्हणजे त्याने ओ.टी. केली नाही?
कुरियन खरंच विचारात पडला.
रेट काही लिहिलेला नाही, म्हणाला.

आणि परवा संध्याकाळी आचऱ्याहून मेव्हणीचा मेसेज.
हेमांगीला सगळं तोडून लिहायची सवय,
तेही इंग्रजी अक्षरांत:
ताईची उद्या ओ.टी. चार वाजता.

सातवाच तर लागलाय.
काय झालं? कोणी नेलं? कुठल्या दवाखान्यात?
फोन लागेना. मी फाटकापासून कँटीनपर्यंत
आणि कँटीनपासून फाटकापर्यंत
किती वेळा गेलो, त्याची नोंद नाही.
लागला तेव्हा पलीकडे भांड्यांचा आवाज, हसणं.
अहो भावोजी, ओटी! ओटी हो!
खण, नारळ, तांदूळ... तुम्ही मराठीच ना?

मी हसलो. डोळे पुसले.
परत टेबलाशी येऊन बसलो,
आणि रात्री पावणेबाराला शेडमधून
कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं.

रामसुरत. बलियाचा फिटर.
फ्लँज सरकली, उजवा हात मध्ये.
सकाळपासून कामावर होता, हे माझ्याहून कोणाला ठाऊक?
माझ्याच अक्षरात होतं.

इस्पितळात दाराच्या पाटीवर वर अरबी,
ते मला वाचता येत नाही.
खाली माझी रोजची दोन अक्षरं.
वर लाल दिवा.
बाकावर बसून पाहत राहिलो, सवयीने घड्याळाकडे.
पाच तास.

दोन बोटं गेली.
गुंगीतून बाहेर आला तेव्हा
पाणी मागितलं नाही, आईचं नाव घेतलं नाही.
बाबू, म्हणाला, हमरा ओटी जोड़े न?

तिकडचे चार म्हणजे आमचे अडीच.
उन्हाच्या सुट्टीत साइट गप्प,
क्रेन मान वर करून उभ्या.
मी इस्पितळाच्या जिन्यात फोन धरून बसलो.
पडद्यावर ती पाटावर, हिरवी साडी,
पदर दोन्ही हातांनी धरलेला,
आणि सगुणामावशी ओंजळीने तांदूळ घालतेय.
एक. दोन. मध्येच चित्र अडकलं,
तांदूळ हवेत थांबले.
बोटांच्या फटीतून दोनचार दाणे निसटलेले, तेही तिथेच.
मला भलतंच सुचलं:
रामसुरतच्या ओंजळीत आता किती राहतील?
मग चित्र हललं. पदर भरला.
ती पडद्यात मला शोधत होती.

संध्याकाळी रकान्यात लिहिलं:
रामसुरत, ओ.टी., पावणेदहा.
ऑफिसचा फोन आला.
हात सापडला तो पावणेपाच तासांनी.
उरलेले पाच कुठले?

म्हटलं, साहेब, ओ.टी.तच होता.

पलीकडे थोडा वेळ नुसता एसीचा आवाज.
मग त्यांनी सांगितलं ते मी केलं.
पाच तास खोडले,
माझ्याच लाल पेनाने,
पण आतला आकडा वाचता येईल
इतपतच.