रिपीट

रेल्वे लाइन्समधले गार्ड लोबोसाहेब
पर्थला निघाले, तेव्हा सामान विकायला काढलं.
नाना गेले होते टेबलफॅन बघायला.
आले ते कॅरिअरला सुतळीनं प्लेअर बांधून
आणि काखेत एक रेकॉर्ड.
मे महिना. सोलापूरचा.
अम्मा आठ दिवस बोलली नाही.

कव्हरवर हॅटवाला माणूस, कुंपणाला टेकलेला,
मागं नुसतं माळरान.
अक्कलकोट रोडच की हे, नाना म्हणाले.
अम्मा म्हणाली, शेरडं विकायला आलाय मंगळवार बाजारात.
(म्हणजे बोलली. नवव्या दिवशी.)

दहा गाणी, सगळी प्रेमाची,
एवढंच लोबोसाहेबांनी सांगितलेलं.
साखर पेठेत इंग्रजी कुणाला येत होतं?
नानांनी आपलीच नावं पाडली:
चहा उतू गेला.
सासुरवाडीची एसटी.
भांडण मिटलं.

नाना जकार्डची कार्डं पाडायचे.
आलेखाच्या कागदावर चौकोन भरायचे, मग पुठ्ठ्याला भोकं;
भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली.
तबकडी उन्हात तिरकी धरून म्हणायचे,
ह्यातपण तसंच असणार बघ,
कुणीतरी बसून पाडलंय हे.

दुसऱ्या बाजूच्या चौथ्या गाण्यात चरा होता.
सुई अडायची. तो माणूस एकच शब्द
म्हणत राहायचा, म्हणत राहायचा,
आणि मागं ती ओढून वाकवलेली गिटार,
ओल्या दोरीवरनं थेंब सरकत जावा तशी.
दहा पैशाचं नाणं ठेवलं तरी अडायची.
शेजारी बारा माग चालू; कितीदा झालं, मोजणार कोण?
खोट नाही ती, नाना म्हणायचे, रिपीट आहे.
डिझाइनला रिपीट लागतोच.

तेच ते, 'भांडण मिटलं'.
लग्नाच्या दर वाढदिवसाला तेच.
एका वर्षी त्याची चादरच काढली:
एक निळा पट्टा, मग तोच चौकोन, तोच, तोच,
काठापर्यंत तोच.
हे कोण घेणार बे, मालक म्हणाला.
सॅम्पलची एकच निघाली, ती घरी आली.

नाना गेल्यावर चौथ्या महिन्यात
मी मोबाइलवर त्या गाण्याचे शब्द शोधले.
भांडण मिटलेलं नव्हतं.
बाई निघून गेलीय, अंगणात गाडी नाही,
सवयीनं दोन कप धुतो आणि एकच पुसतो.
अडकलेला शब्द होता, थांब.

अम्मा शेंगा फोडत बसली होती.
सांगावं, न सांगावं. सांगितलं.
तिनं सुपातली टरफलं फुंकली.
ओंटरिवाडु, म्हणाली. एकटा पडलाय बापडा.
आवाजावरनं कळत नाही होय?
मला तर पहिल्याच दिवशी कळलेलं.

मग नानांना का नाही सांगितलंस?

त्यांनी नाव पाडलं होतं ना, म्हणाली.
मग दर वेळी मीच मिटवायची.

पायांवर ती चादर होती तिच्या.
मे महिन्यात.