ओळ चारशे बारा

सहा वर्षांपूर्वी, चेंबूरच्या भाड्याच्या खोलीत,
रात्री दीड वाजता मीच लिहिलं होतं:
चूक आली तर झेल, आणि गप्प बस.
महिरपी कंसात काही नाही. रिकामी ओळ.
तेव्हा ते शहाणपण वाटलं.

मग गोवंडीच्या लॅबमधून शमीमआपांचा फोन.
दोनशे रिपोर्ट अडकलेत, पडद्यावर एवढंच:
काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.
"केला हो. अकरा वेळा केला.
माझं चुकलं, की तुमचं?"

मला सांगता येईना.

आमच्या फोर्टच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली
की पेडणेकर पाटीवर खडूने लिहितात:
तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अडकते.
आत कोणी नाही. मेकॅनिक चारला.
जिना मागून, दिवा लावलाय.
वाचून कोणी त्यांना शिव्या देत नाही.
(देतात. पण लिफ्टला.)

नव्या आवृत्तीत मी तेवढंच केलं.
फाईलचं नाव. ओळ चारशे बारा.
तारीख एकतीस जून; जूनला तीसच दिवस.
बाकीचे एकशे नव्व्याण्णव रिपोर्ट गेले.
आणि जी चूक माझ्या आवाक्यातली नाही
ती आता झेलत नाही मी,
वर जाऊ देते, तिच्या नावानिशी.

शमीमआपांचा फोन आला नाही.
चौथ्या दिवशी न राहवून मीच केला.
"हां, ते? तीस होतं. बोट घसरलं माझं,"
म्हणाल्या, आणि कुणाला तरी हाक मारत
फोन तसाच टेबलावर ठेवून गेल्या.