दुसऱ्या दिवशीची पाळी

आतषबाजी आठ मिनिटांची.
आमची पाळी अकरा तासांची.

पहाटे चारला अल रम्सच्या धक्क्यावरून
होडी सुटली तेव्हा पाण्यावर
अजून धुराची साय होती.
दाऊद मुकादम म्हणाला, वास बघ,
कुणीतरी अख्खं आभाळ
तव्यावर विसरून गेल्यासारखा.

हर्णैला तो जाळं टाकायचा.
इथेही जाळंच टाकतो.
जाळ्यात पुठ्ठ्याच्या टोप्या येतात,
अर्धवट जळलेल्या वाती,
वितळून पुन्हा गोठलेलं प्लास्टिक,
आणि आज एक न फुटलेला गोळा, नारळाएवढा.
तो आम्ही दोघांनी ओंजळीत धरून
पाण्याच्या पिंपात निजवला,
जागा होऊ नये म्हणून श्वास रोखून.

खोक्यांवर बारीक अक्षरांत रंग लिहिलेले असतात.
लाल म्हणजे स्ट्रॉन्शियम, हिरवा बेरियम,
निळ्यासाठी तांबं.
मी दहावी नापास, तरी हे पाठ आहे.
रात्री नाक शिंकरलं
तर रुमालावर यांतला एकही रंग नसतो.
नुसतं काळं.

लेकीने फोनवर विचारलं, दिसलं का हो?
म्हटलं, दिसलं ना, केवढं!
खरं तर आम्ही बार्जवरच्या लोखंडी केबिनमध्ये,
तोंडावर ओलं फडकं, कानांत बोळे,
एकेक बार बरगड्यांवर मोजत बसलेलो.
किनाऱ्यावर म्हणे लाखभर माणसं
एकदम "आहा" म्हणाली.
ते काही आलं नाही आमच्यापर्यंत.
दाऊदचा पंप ऐकू आला.
एकदा. दोनदा.
मग नुसता हलवल्याचा आवाज.

खोरातले पक्षी मध्यरात्री उठले
ते उजाडलं तरी घिरट्या घालतायत,
खाली बसायला तयार नाहीत.
आपल्याकडे त्यांना अग्निपंख म्हणतात.
ज्याने नाव ठेवलं
त्याने आग लांबूनच पाहिली असणार.

दुपारी शाजीने पिंपं मोजली. बत्तीस.
पिंपामागे पैसे, म्हणून शिगोशीग भरलेली.
पुढच्या वर्षी बारा मिनिटं आहे, म्हणाला,
माणसं वाढवू.

दाऊदने खिशातून रिकामा पंप काढला
आणि शेवटच्या पिंपात टाकला.
शाजीने वाकून तो उचलला,
झटकला, परत त्याच्या हातात दिला.

हा यातला नाही, म्हणाला.
हा मोजायचा नाही.