पाच मीटर

त्या कोपऱ्यावर बावीस वर्षं माझी व्हॅन उभी असायची.
पांढरी, टपावर शिडी बांधलेली,
दारावर नाव: रेजाँ गोदरो, हीटर-दुरुस्ती.
लोक पत्ता सांगताना म्हणायचे,
व्हॅन दिसली की डावीकडे वळा.
मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मॉन्ट्रियलमध्ये गाडीला जागा म्हणजे काय चीज आहे
ते जानेवारीतल्या मध्यरात्री कळतं.
बर्फ उचलणाऱ्या यंत्रांच्या आधी भोंगा येतो
आणि अख्खी गल्ली पायजम्यावर कोट चढवून
लोखंडी गोल जिन्यांवरून खाली धावते,
शिव्या फ्रेंचमध्ये, पोर्तुगीजमध्ये, क्रेओलमध्ये.
फावड्यानं उकरलेली जागा दुसऱ्यानं बळकावली
तर वीस वर्षांचा शेजार
एका रात्रीत गोठतो.

मी निवांत. माझा कोपरा ठरलेला.
वर्षातून दोनदा दंडाची चिठ्ठी,
ती मी भाडं भरावं तशी भरायचो.

मग नादेज.
सँफ्लर बाईंची धाकटी, तेव्हा नऊ वर्षांची,
पायानं ढकलायची स्कूटर, मे महिना,
संध्याकाळचं लांबलेलं ऊन.
बेकरीची गाडी काही फार जोरात नव्हती.
ड्रायव्हर फुटपाथवर बसून एकच सांगत राहिला,
दिसलीच नाही, दिसलीच नाही हो.
बघे म्हणाले, सगळे असंच म्हणतात.
पोलिसांनी वेग मोजला, ब्रेकच्या खुणा मोजल्या.
माझ्या व्हॅनला कोणी काही विचारलं नाही.
ती तर उभी होती.
उभं राहणाऱ्याचा काय गुन्हा?

पाय दोन ठिकाणी मोडला होता.
माझ्या खिडकीशेजारच्या जिन्यावर
तिच्या दोन पावलांचे दोन वेगळे आवाज येतात,
अजून येतात.
सकाळी आठ वाजता मी रेडिओ मोठा करतो.

यंदा बर्फ वितळल्यावर पालिकेचं पत्र आलं:
कोपऱ्यापासून पाच मीटर मोकळे.
गल्ली पेटली.
चार कोपरे, आठ गाड्या,
आठ गाड्या काय डोक्यावर ठेवू?
आमादेउ न्हावी विरोधाचा कागद घेऊन दारोदार फिरला.
पहिली सही तुझी, मला म्हणाला,
सगळ्यात जास्त तुझंच जातंय.
मी म्हटलं, पेन उठत नाही.
त्यानं दुसरं दिलं.
तेही उठत नाही म्हटलं.
तो माझ्याकडे बघत राहिला.

गुरुवारी रंगवाली आली, केशरी जाकीट, एकटीच;
जोडीदाराला ताप होता.
टेपच्या टोकावर ती दगड ठेवायची,
पलीकडे जाऊन ताणायची
की दगड उलटून टेप सरसरत आत.
तीनदा असं झालं. मी गॅलरीतून मोजलं.
मग सपाता घालून खाली गेलो
आणि टोक धरलं.
ही गाडी कोणाची, तिनं विचारलं, हलवावी लागेल.
म्हटलं, ओळखतो मी त्याला.

आता संध्याकाळी तीन-तीन फेऱ्या मारतो.
जागा मिळते ती चौथ्या गल्लीत, चर्चमागे.
तिथून शिडी खांद्यावर टाकून यायचं.
गुडघा कुरकुरतो, त्याचं खरं आहे.
आमादेउ बोलत नाही;
केस आता दुसरीकडे कापतो, महाग आणि वाईट.
आणि मंगळवारी रस्ता झाडणार असले
की गाडी कुठल्या बाजूला लावलीय
हेच आठवत नाही.

कोपऱ्यावर काय आहे? काही नाही.
कडेला पिवळा पट्टा, आणि पाच मीटर काही नाही.
त्यातून पलीकडच्या दुकानाचं दार दिसतं,
बावीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं
ते हिरवं आहे.

काल नादेज तिथं थांबली होती. पंधराची झाली.
डावीकडून गाडी आली.
तिनं गाडीला पाहिलं, गाडीवाल्यानं तिला,
त्यानं हात हलवला, ती उतरली.
एवढंच.
मी मागे शिडी घेऊन उभा.
हाक मारायची होती. काहीतरी सांगायचं होतं.
पण शिडी जड होती,
असं मी म्हटलं, पेनांसारखंच.