पन्हा

चिठ्ठी धनश्रीच्या हातची.
मॅटर्निटी पॅड. लांब. जाड. वासाचे नकोत.
'नकोत'खाली दोन रेघा.
जावई रात्रपाळी करून आडवा झालेला,
बाळ पाच दिवसांचं,
उरलो मी, दाराशी बूट चढवत.
तिला वाटलं होतं, बाबा नाही म्हणतील.
मलाही तसंच वाटलं होतं.

डंडीत डिसेंबरात नऊ वाजायला आले तरी उजाडत नाही.
नदीवरून धुकं येतं
सायझिंग खात्यातल्या वाफेसारखं, खळीच्या वासाविना.
लॉकीच्या वाटेवर एक उंच धुराडं,
खालची तागाची गिरणी कधीच बंद झालेली.
येता-जाता मी त्याला मान हलवतो.
एकाच धंद्यातले आम्ही.

दुकानात भिंतभर पुडे.
पंखवाले, बिनपंखी, रात्रीचे, पळायचे,
लाजेइतके पातळ.
कुठं तीन थेंबांची खूण, कुठं पाच, कुठं आठ.
थेंब मोजायचे असतात
हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

छत्तीस वर्षं इचलकरंजीत माग चालवले.
कापड हाती आलं की डोळे आपसूक मिटतात,
अंगठा आणि तर्जनी बोलायला लागतात.
इथं सगळं प्लास्टिकात कोंडलेलं.
एक पुडा दाबला: भुसा.
दुसऱ्यावर चित्र, चकचकीत जाळीचं. टाक्यांना टोचेल.
टाके म्हणजे आम्ही कापडाचे म्हणायचो.

शालनची बाळंतपणं दोन.
मी काय आणलं? डिंक, खोबरं, अळीव.
आणि मागावरचा खराब माल, वार-दोन वार,
'फडक्याला होईल' म्हणून.
किती वर्षं मला वाटायचं
ती त्यानं भांडी पुसते.
खळ न काढलेलं कापड कडक असतं,
चार धुण्यांशिवाय अंगाला लागत नाही,
हे मला माहीत होतं.
कापडाचं सगळंच मला माहीत होतं.
ते ती कुठं वाळत घालायची
हे विचारायला आता ती नाही.

पोरगी आली. छातीवर नाव कर्स्टी, मनगटावर गोंदलेला मासा.
मी चिठ्ठी पुढं केली. चिठ्ठी मराठीत.
मग म्हणालो, डॉटर. बेबी.
आणि पाच बोटं दाखवली.
पाच बाळं असं तिला वाटलं असावं,
कारण तिनं भिंतीचा आधार घेतला.
मग दोघंही हसलो.

सर्वांत खालच्या फळीवरून तिनं साधा पुडा काढला,
कुठूनसा एक फाटकाही आणला,
त्यातला एक माझ्या तळहातावर ठेवला.
डोळे मिटले.
वर मऊ, पोटात लगदा,
लांबी वीत आणि चार बोटं,
काठ शिवलेला नाही, दाबलेला.
चालेल.

किती लागतील?
काल सुईणबाई सांगून गेली ते मी स्वयंपाकघरात
उगाच पातेली हलवत ऐकलं होतं:
आधी लाल, मग गुलाबी, तपकिरी, शेवटी पिवळट,
सहा आठवडेही चालेल.
तासाभरात एक पूर्ण भिजला,
किंवा मोठी गाठ पडली,
तर वाट बघायची नाही, फोन करायचा.
मी चार पुडे घेतले.

पिशवीचे वेगळे पैसे. नको म्हणालो.
आमच्याकडे दुकानदार न विचारता वर्तमानपत्रात गुंडाळतो,
वर काळी पिशवी, वर गाठ.
इथं मी बसमध्ये बसलो,
मांडीवर चार पुडे, उघडे.
समोरच्या म्हाताऱ्यानं ते पाहिले, मग मला पाहिलं,
आणि टोपीला बोट लावलं.

घरी न्हाणीघरात पाणी वाहत होतं.
टकटक केली.
दार वीतभर उघडलं, हात बाहेर आला.
घ्यायच्या आधी तिनं पुडा दाबून पाहिला,
अंगठा वर, तर्जनी खाली.
तिला हे कुणी शिकवलं?

"केवढे मोठे आणलेत, बाबा. लहान नव्हते?"
"होते," मी म्हणालो.
"पन्हा कमी पडला असता."