दीड सेकंद

खानापूरच्या कॉलेजात मी प्रयोगशाळेचा शिपाई,
नाव लुमाण्णा. बेडकांच्या बरण्या पुसतो,
दुपारी सूक्ष्मदर्शकाला टोपडं घालतो.
त्या वर्षी मुदकवी मॅडम म्हणाल्या,
लुमाण्णा, तुमचा हात सरळ आहे,
मला पाखरं करून द्या. कागदाची.

पाखरं म्हणजे हळदीकुंकू.
पंख मिटले की खालून पिवळीधमक,
काठाला तांबडे ठिपके,
मधल्या शिरा काळ्या, बोरूनं ओढल्यासारख्या.
मॅडम पातरगित्ती म्हणायच्या, मी फुलपाखरू.
ते दोघांनाही ओ देत नव्हतं.

जांबोटी रस्त्याला एक आंबा,
त्यावर बांडगूळ माजलेलं, खाली घाणेरीचं रान.
तिथं पाच काड्या रोवल्या, पाच कागदी माद्या.
पहिली अगदी बरोबर.
दुसरी कोरी पांढरी.
तिसरीला हळद सगळी, पण कुंकू नाही.
चौथी निळी, ती माझी चूक, बाटली लवंडली होती,
मॅडम म्हणाल्या, असू दे.
पाचवीला कुंकू दुप्पट, बोहल्यावरच्या नवरीला लावतात तसं.

मी स्टूल टाकून बसलो. मांडीवर वही, हातात घड्याळ.
नर वरून येत, भिरभिरत नाही, सरळ,
घरी जायला उशीर झालेल्या माणसासारखे.
पाचवीवर झुंबड. खरीपेक्षा खोटीला मान जास्त,
यावर मॅडम फार वेळ हसल्या.
पण आलेला प्रत्येक जण दीड सेकंद थांबे,
जवळ जाऊन वास घेई, आणि उडून जाई.
रंग नुसती हाक मारतो, लुमाण्णा,
घरात घ्यायचं की नाही ते वास ठरवतो.

एक नोव्हेंबरला गावभर त्याच दोन रंगांच्या पताका.
पंचायतीसमोरच्या दोरीवर एक खुळा नर
एकेक पताका विचारत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पलीकडे आम्ही काळे शर्ट घालून उभे.
आमच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

वहीत तिसरीच्या रकान्यात मी लिहिलं होतं
'बिनकुंकवाची: नऊ आले, नऊ माघारी.'
रात्री ते वाचलं आणि खोडलं.
तिथं 'क्रमांक तीन' केलं.
चुलीपुढं अनुसाक्का भाकरी थापत होती,
माझी थोरली बहीण. अकरा वर्षं झाली, आमच्यातच असते.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तीच आली.
बांधावर बसली, पदर डोक्यावर ओढून.
काय करूलालास रे, म्हणाली.
सांगितलं.
ती बराच वेळ काड्यांकडे बघत राहिली.
मग म्हणाली, या तिसरीला काय झालंय?
मी डबा उघडला. भाजी सांडग्याची होती.

जेवता जेवता एक नर आला.
जुना. पंखाच्या कडा फाटलेल्या,
त्याचंच कुंकू उडून गेलेलं, काचेसारखा पातळ झालेला.
पाचवीवरून गेला. पहिलीवरून गेला.
तिसरीपाशी थांबला.
माझे हात भाकरीत, घड्याळ गवतात.
अनुसाक्का तोंडानं मोजू लागली,
एक, दोन, तीन, चार,
आणि चारच्या पुढं ती मोजायचं विसरली.

मॅडमनी ती नोंद घेतली नाही.
घड्याळाशिवायचं धरत नाहीत, म्हणाल्या, आणि ते बरोबरच.
एकटा नर, तोही म्हातारा,
कदाचित नुसता दमलेला असेल.

सोमवारी त्यांनी विचारलं,
तीन नंबरची काडी सावलीतून उन्हात कुणी हलवली?
सगळी मापं चुकली आता.
मला माहीत होतं.
डबा घेऊन जाताना ती वाकलेली मी पाहिली होती.
मी म्हणालो, वारा असेल, मॅडम.
इकडे संध्याकाळी फार सुटतो.