चार एमबीची शिदोरी

औलूत दुपारचे तीन, म्हणजे रात्रच.
निळ्या यादीपुढे राइली. उद्या पेटी
इनारीच्या बर्फात गाडायची,
आणि जागा मूठभर.

कॅल नको. तारखेचं तळ्याला काय!
हू नको, कोण येणार तिथं?
स्लीप मात्र हवंच:
दोन तासांनी उठायचं,
बर्फाची जाडी मोजायची,
पुन्हा गुडुप.

व्हीआयवर बोट अडतं.
काढते.
मग आठवतो वेइक्को, गेल्या मार्चात
बर्फ फोडून केबल जोडलेली,
हातमोजा दातांत, आणि फोनवर कावलेला:
अगं, पण लिहू कशानं?

ती चांदणी परत लावते.
बत्तीस केबी जास्त.
कॉफी निवलीय.
पिंग जातं.
हाक मारली तरी
तळं कुठं ओ देतं?